आधी गवत, मग हिमबिबट्या

स्पितीच्या खोऱ्यात हिमबिबट्या बघायला निघालेल्या माणसाने आधी गवत बघायला शिकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. फेब्रुवारीत किब्बर गावाभोवतीच्या उतारांवर ते गवत फार थोडं दिसतं. बर्फातून वर आलेले पिवळट, करकरीत वाळलेले झुबके, आणि त्यांच्यामध्ये बोटभर उंचीची काटेरी झुडपं. फोटो काढावा असं त्यात काहीच नसतं. पण जगातल्या सगळ्यात दुर्मीळ दर्शनांपैकी एक मानलं गेलेलं जनावर आज या एका गावाच्या परिसरात दर हिवाळ्यात माणसांच्या नजरेस पडतं, त्याचं मूळ या झुबक्यांत आहे.

प्रवासवर्णनांत याचं कारण वेगळं सांगितलं जातं. किब्बर दुर्गम आहे, माणसांची वर्दळ नाही, म्हणून तिथे वन्यजीव टिकले, असं. दुर्गमता खरी आहे. पण काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत दुर्गम कड्यांना हिमालयात तोटा नाही, आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी महिनाभर बसलात तरी हिमबिबट्याची शेपटीसुद्धा दिसणार नाही. किब्बरमध्ये तो दिसतो, कारण तिथल्या लोकांनी आपल्या कुरणांतला काही भाग रानातल्या जनावरांसाठी सोडला आणि आपल्या गुरांवर होणाऱ्या हल्ल्यांचा हिशेब गावातच मांडायची पद्धत बसवली. ही गोष्ट ठाऊक नसताना किब्बरला जाणं म्हणजे अर्धंच किब्बर बघणं.

स्पिती हा हिमाचल प्रदेशाच्या ईशान्येचा, तिबेटला भिडलेला भाग. मोसमी ढग पीर पंजाल आणि मुख्य हिमालयाच्या रांगांवर रिकामे होतात आणि पलीकडे पोचेपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. त्यामुळे इथे पावसाळा असा नाहीच. जी काही ओल मिळते ती मुख्यतः हिवाळ्यातल्या बर्फाची. झाडं जवळजवळ नाहीत, नदीकाठी लावलेले विलो आणि पॉप्लर सोडले तर. डोंगर उघडे असल्यामुळे त्यांचे थर स्वच्छ दिसतात: राखाडी, गेरू, जांभळे, कुठे उभे, कुठे दुमडलेले. हे सगळं टेथिस समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ. भारताची भूमी आशियाला धडकली आणि हा समुद्रतळ साडेचार हजार मीटरवर आला. लांग्झा गावाच्या आसपास अमोनाइट या प्राचीन सागरी जीवांचे जीवाश्म आजही मातीत सापडतात. ते कोणी विकत देऊ केले तर घेऊ नयेत. विकत घेणारे असतात तोवर डोंगर खणले जातात.

एवढ्या मोठ्या मुलखात २०११च्या जनगणनेनुसार माणसं होती जेमतेम साडेबारा हजार. गावं नदीच्या वरच्या सपाट पट्ट्यांवर वसलेली. हिमनद्यांचं आणि वितळत्या बर्फाचं पाणी ‘कूल’ नावाच्या अरुंद पाटांनी मैलोन् मैल वळवून आणायचं आणि त्यावर वर्षाला एक पीक घ्यायचं, ही इथली शेती. पूर्वी जव आणि काळा वाटाणा, गेल्या काही दशकांत हिरवा मटार. हा मटार बाहेरच्या बाजारात चांगल्या भावाने जातो आणि गावांत पैसा येतो तो मुख्यतः त्यातून. त्याच्या जोडीला याक, झो, घोडे, गाढवं, शेळ्या, मेंढ्या. शेणाचं खत आणि शेणाचंच जळण. गुरं नसती तर इथे माणूस राहिलाच नसता.

हिवाळ्यात जायचं असेल तर वाट एकच. सिमल्याहून किन्नौरमार्गे सतलजच्या काठाने खाबपर्यंत, तिथून स्पिती नदीच्या काठाने नाको, ताबो आणि काझा. मनालीकडून येणारा कुंझुम खिंडीचा रस्ता साडेचार हजार मीटरहून उंच आहे आणि तो हिवाळाभर बर्फाखाली असतो. सिमल्याची वाट लांब आहे, दरडींची आहे, पण शरीराच्या दृष्टीने तीच शहाणपणाची, कारण उंची हळूहळू वाढते. किब्बर ४,२०० मीटरवर आहे. तिथे प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने साठ टक्क्यांच्या आसपासच ऑक्सिजन मिळतो. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही पहिली लक्षणं आहेत. ती दिसली की तिथेच थांबायचं, वाढली की खाली उतरायचं. हा नियम तरण्याताठ्या ट्रेकरलाही चुकत नाही. सह्याद्रीत वर्षानुवर्षं चढलेले पाय इथे उपयोगी पडतात, पण फुप्फुसांना आणि रक्ताला वेळ द्यावाच लागतो. वाटेत ताबोला एक मुक्काम करावा. तिथला मठ इसवी सन ९९६चा आहे, आणि मातीच्या भिंतींआड अंधाऱ्या सभामंडपातली चित्रं बघताना घाई करणं हा गुन्हाच ठरेल.

काझ्याहून की मठाखालून वळणं घेत रस्ता किब्बरला चढतो. गावातली घरं दगडमातीची, सपाट धाब्याची, धाब्याच्या कडेने जळणाची आणि चाऱ्याची थप्पी रचलेली. जानेवारी-फेब्रुवारीत रात्रीचा पारा उणे पंचवीसच्याही खाली जातो. नळ गोठलेले असतात. घरातलं सगळं जगणं बुखारी या शेगडीभोवतीच्या एका खोलीत गोळा होतं, आणि पाहुणाही त्याच खोलीत थुकपा खातो, मिठाचा लोणीदार चहा पितो. संडास कोरडा असतो. त्यात माती टाकायची, पाणी नाही. वसंतात ते खत शेतात जातं. पाहुण्याने यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. या थंडीत आणि या पाणीटंचाईत दुसरी कुठलीच सोय इतकी चांगली चालणार नाही.

आता गवताकडे येऊ. हिमबिबट्याचं इथलं मुख्य रानटी भक्ष्य म्हणजे भरल. इंग्रजांनी त्याला निळी मेंढी म्हटलं, पण अंगाने आणि वागण्याने तो शेळीच्या कुळाला जवळचा. राखाडी-निळसर पाठ, पांढरं पोट, पायांवर काळे पट्टे. कड्यावर स्थिर उभा राहिला की नजरेसमोर असून दिसत नाही. नदीपलीकडे पिन खोऱ्यात त्याची जागा आयबेक्स हा लांब, मागे वळलेल्या शिंगांचा रानबोकड घेतो. किब्बरच्या बाजूलाही तो अधूनमधून दिसतो. भरल गवतखाऊ आहे. उन्हाळ्याचे तीन-चार महिने त्याची चंगळ असते, पण खरी परीक्षा हिवाळ्यात होते. वाऱ्याने बर्फ उडून उघड्या पडलेल्या उतारांवर जे वाळकं गवत उरतं त्यावर माद्यांना गाभण असताना दिवस काढायचे असतात. त्याच उतारांवर उन्हाळाभर गावाची गुरं चरली असतील तर हिवाळ्यात तिथे खुरट्या झुडपांशिवाय काही राहत नाही. मग भरल झुडपं खातात, जगतात, पण पुढच्या उन्हाळ्यात कळपात पिल्लं कमी दिसतात.

हे चक्र नीट उलगडलं ते १९९०च्या दशकात किब्बरला येऊन राहिलेल्या चारुदत्त मिश्रा आणि त्यांच्यानंतर आलेल्या अभ्यासकांनी. मिश्रांनी १९९७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातली एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. दीड वर्षात हिमबिबट्या आणि लांडगे यांनी मारल्याचं गावकऱ्यांनी सांगितलेलं पशुधन एकूण पशुधनाच्या १८ टक्के होतं. शंभरातली अठरा जनावरं. आपल्याकडे एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यातली इतकी जनावरं गेली तर तो बिबट्याविषयी काय बोलेल, याची कल्पना करायला फार लांब जायला नको. किब्बरचा शेतकरीही हिमबिबट्याला तेव्हा चोर म्हणूनच ओळखत होता. १९९२मध्ये इथे अभयारण्य जाहीर झालं होतं, पण कागदावरच्या रेषेने ना कुरण वाढलं, ना याक वाचला.

पुढे जे झालं ते गावाच्या बैठकीत झालं. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या म्हैसूरच्या संस्थेच्या अभ्यासकांनी गावापुढे प्रस्ताव ठेवला: कुरणांचा एक तुकडा चराईसाठी बंद करा, त्याबदल्यात गावाला मोबदला मिळेल आणि तो कसा खर्च करायचा ते गावाने ठरवायचं. १९९८च्या सुमारास साधारण पाच चौरस किलोमीटरचा भाग असा बंद झाला. राखण गावचीच माणसं करत. कोणाची गुरं तिथे शिरली तर जाब गाव विचारत असे, वनखातं नव्हे. पुढे हे क्षेत्र वाढवलं गेलं, आणि तिथली भरलांची संख्या जवळपास चौपट झाली. भरल वाढले तसा हिमबिबट्याही या परिसरात स्थिरावला.

इथपर्यंतची गोष्ट सुखान्त वाटते आणि बरेच लेख इथेच थांबतात. पण खरा गुंता पुढे आहे, आणि मला स्वतःला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. रानात भक्ष्य वाढलं की हिमबिबट्या गुरांकडे वळणार नाही, असा साधा तर्क आपण करतो. कुलभूषणसिंग सूर्यवंशी आणि सहकाऱ्यांनी नंतर केलेल्या अभ्यासातून दिसलं ते निराळंच: हिमबिबट्यांची संख्या रानटी भक्ष्यावर ठरते, आणि हिमबिबटे जिथे जास्त तिथे गुरांवरचे हल्लेही जास्त होऊ शकतात. म्हणजे गवत राखून, भरल वाढवून गावाने स्वतःच्याच दारात शिकारी वाढवून घेतला. अशा वेळी नुसतं ‘निसर्ग वाचवा’ म्हणणं हे शेतकऱ्याच्या खिशातून पुण्य कमावणं झालं असतं.

म्हणून त्याला जोड मिळाली पशुविम्याची. २००२मध्ये किब्बरने सुरुवात केली. प्रत्येक घराने आपल्या जनावरामागे हप्ता भरायचा, सुरुवातीला बाहेरूनही काही रक्कम घालायची, आणि निधी गावाच्या समितीकडे ठेवायचा. जनावर मेलं तर पंचनामा करायला कोणी साहेब तालुक्याहून यायचा नसतो. समितीतली माणसं स्वतः जाऊन बघतात: मानेवर सुळे रुतल्याच्या खुणा आहेत का, रक्त कुठे सांडलंय, पाऊल कोणाचं आहे, की जनावर कड्यावरून पडून मेलंय. पैसे सगळ्यांचे असल्यामुळे खोटा दावा करणं म्हणजे शेजाऱ्याला फसवणं. ज्या घरांनी राखण चोख केली आणि नुकसान कमी होऊ दिलं त्यांना बक्षीस देण्याची तरतूदही योजनेत ठेवली होती. जुन्या गोठ्यांना दारं आणि वरून जाळ्या बसवण्याचं कामही पुढे होत राहिलं, कारण एकदा का हिमबिबट्या शेळ्यांच्या बंदिस्त वाड्यात उतरला की तो एका शेळीवर थांबत नाही. चारुदत्त मिश्रांना या वाटेवरच्या कामासाठी २००५मध्ये आणि पुन्हा २०२२मध्ये व्हिटली गोल्ड अवॉर्ड मिळालं.

इथे जुन्नरची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. उसात वाढणारा आपला बिबट्या आणि कड्यांवरचा हिमबिबट्या हे नावाने सख्खे वाटले तरी नातं तसं दूरचं. हिमबिबट्याचा सगळ्यात जवळचा नातलग वाघ आहे. आणि एक फरक फार मोठा: हिमबिबट्याने माणसाला ठार मारल्याची खात्रीलायक नोंद नाही. जुन्नर-शिरूरच्या घरांमध्ये जी भीती आहे ती किब्बरला नाही, त्यामुळे किब्बरचा नमुना उचलून इकडे लावता येणार नाही. पण नुकसान कोणी बघायचं, किती लवकर बघायचं आणि भरपाईचा निर्णय कोणाच्या हातात असावा, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत.

हिमबिबट्या हिवाळ्यातच का दिसतो? वर बर्फ साचला की भरल खाली, गावांच्या पातळीवरच्या कड्यांवर येतात आणि त्यांच्यामागे तोही येतो. शिवाय जानेवारी ते मार्च हा त्यांचा जोडीचा काळ. एरवी एकटा राहणारा हा प्राणी या दिवसांत हिंडतो, खुणा करतो, संध्याकाळी लांबलचक आर्त हाक देतो. डरकाळी त्याला फोडता येत नाही. वजनाने नर पंचेचाळीस-पंचावन्न किलो, म्हणजे आपल्या कल्पनेपेक्षा लहानच. पंजे रुंद आणि तळव्यांना केस, त्यामुळे भुसभुशीत बर्फात पाय कमी रुततो. नाकाच्या पोकळ्या मोठ्या असतात. बाहेरची गोठलेली हवा तिथे ऊब घेऊन मग छातीत उतरते. शेपटी जवळजवळ मीटरभर लांब. उभ्या कड्यावर भरलामागे झेपावताना तोल तीच सांभाळते, आणि झोपताना तो ती नाकातोंडावरून उपरण्यासारखी लपेटून घेतो.

किब्बर आणि समोरचं चिचम यांच्यामध्ये एक खोल घळ आहे. २०१७मध्ये तिच्यावर पूल झाला. त्याआधी माणसं तारेवरच्या पाळण्यात बसून, दोर ओढत, दीडशे मीटरच्या आसपास खोल दरीवरून ये-जा करत. आज हिवाळ्यातल्या सकाळी या घळीच्या काठावर गावातली पोरं स्कोप लावून बसलेली दिसतील. त्यांना सगळे स्पॉटर म्हणतात. यातले अनेक लहानपणी याच उतारांवर गुरांमागे फिरलेले, त्यामुळे प्रत्येक घडी, प्रत्येक कपार त्यांना पाठ असते.

स्पॉटर हिमबिबट्या शोधत नाही, हे शेजारी बसून बघितल्यावर ध्यानात येतं. तो भरल शोधतो. कळप निवांत चरत असेल तर दुर्बीण पुढे सरकते. कळपातले सगळे एकाच दिशेला तोंड करून, कान ताठ करून उभे असतील, एखादी मादी शिट्टीसारखा तुटक आवाज काढत असेल, तर दुर्बीण तिथे थांबते. मग ते बघत असलेल्या दिशेचा कडा हात-हात करून तपासायचा. दुसरी खूण आकाशातली. डोमकावळे आणि पिवळ्या चोचीचे चफ एकाच जागी घिरट्या घालू लागले, वर लॅमरगायर हे हाडं खाणारं अजस्र गिधाड चकरा मारू लागलं, की खाली शिकार पडलेली असण्याची शक्यता मोठी. अशी शिकार मिळाली तर काम सोपं होतं. मोठा भरल मारल्यावर हिमबिबट्या काही दिवस तिथून फारसा हलत नाही. खातो, झोपतो, पक्षी हाकलतो, पुन्हा खातो.

तो नाही दिसला तरी त्याचं घर बघता येतं. वाटेच्या कडेला पुढे झुकलेला एखादा मोठा खडक असेल तर त्याच्या पायथ्याशी वाका. मागच्या पायांनी उकरलेला वीतभर लांबीचा खळगा, एका टोकाला मातीचा छोटा ढीग, त्यावर कधी वाळलेली विष्ठा. ती काडीने उलगडली तर भरलाचे तुटके, पोकळ केस आणि हाडांचे कपचे मिळतात. वर, खडकाच्या झुकलेल्या पोटावर, माणसाच्या मांडीइतक्या उंचीवर तेलकट काळसर डाग असतो. नाक जवळ नेलं की उग्र, कस्तुरीसारखा वास येतो. ही त्याची पाटी. दुसऱ्या हिमबिबट्याने ती वाचायची आणि आपला रस्ता ठरवायचा. पाऊस जवळजवळ नसल्यामुळे हे लेखन इथे दीर्घकाळ टिकतं. अभ्यासक कॅमेरा ट्रॅपही अशाच जागी लावतात, आणि अलीकडे गावातल्या महिलाही हे काम शिकून कड्याकपारी फिरतात.

अशा कॅमेऱ्यांतल्या फोटोंमधून, प्रत्येकाच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते या आधारावर, मोजणी होते. संपूर्ण राज्याची अशी पाहणी पूर्ण करणारं हिमाचल हे पहिलं राज्य. २०२१मध्ये तिथला अंदाज ५१ निघाला. जानेवारी २०२४मध्ये देशाचा आकडा जाहीर झाला: ७१८, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. म्हणजे घळीच्या काठावर बसून ज्याची वाट बघायची तो अख्ख्या राज्यातल्या मोजक्याच जनावरांपैकी एक. म्हणून तो जवळून दिसला नाही, स्कोपमध्ये नखाएवढाच दिसला, अशी तक्रार करणाऱ्यांविषयी मला मनापासून वाईट वाटतं. घळीच्या अलीकडून दिसला हेच चांगलं झालं. शिकारीवर बसलेल्या हिमबिबट्याच्या जवळ माणसं सरकली तर तो शिकार सोडून जातो, आणि मग पोट भरायला त्याला पुढची शिकार लवकर करावी लागते. ती एखाद्याच्या याकाचं वासरूही असू शकते.

पर्यटकामुळे होणारं दुसरं नुकसान डोळ्यांसमोर असून कळत नाही. काझ्यात आणि मोठ्या गावांत हॉटेलं वाढली, त्यांचं खरकटं वाढलं, त्यावर मोकाट कुत्री वाढली. पर्यटक ओसरले की हीच कुत्री टोळीने उतारांवर जातात आणि शेळ्या-मेंढ्या फाडतात. वरच्या स्पितीत पशुधनाच्या नुकसानीत आज कुत्र्यांचा वाटा फार मोठा आहे, रानटी भरलही त्यांच्या तावडीतून सुटत नाहीत. कुत्र्याला प्रेमाने बिस्किटं घालणारा पाहुणा हिमबिबट्याच्या ताटातलं काढून घेत असतो. ताट-वाटीत उरू न देणं, प्लास्टिक आपल्या गाडीतून खाली सिमल्यापर्यंत परत नेणं, एवढं तर करता येतंच.

सप्टेंबर २०२५मध्ये युनेस्कोने इथल्या शीत वाळवंटाला आपल्या जीवावरण क्षेत्रांच्या जागतिक जाळ्यात घेतलं. गर्दी आणखी वाढेल. माझा सल्ला असा: मठ, पूल, सर्वांत उंचावरचं पोस्ट ऑफिस अशी धावती यादी उन्हाळ्यात येणाऱ्यांसाठी सोडा. फेब्रुवारीत या, मुक्काम काझ्यात न करता किब्बर किंवा चिचमच्या एखाद्या घरात करा आणि तो निदान आठवडाभराचा ठेवा. स्पॉटर गावातलाच घ्या आणि त्याची मजुरी ठरवताना घासाघीस करू नका. हिमबिबट्या न दिसलेल्या दिवसाचीही ती पूर्ण द्या, कारण त्या दिवशीही तो पहाटेपासून उणे वीसमध्ये उभा होता. आणि संध्याकाळी बुखारीजवळ बसलात की घरच्या आजोबांना जुन्या चराईच्या वाटा विचारा. कोणता उतार कधी बंद झाला, कोणाचा त्याला विरोध होता, कोणाचा याक कुठे गेला, विम्याच्या पैशांवरून कोणती बैठक रात्री उशिरापर्यंत चालली, हे सगळं त्यांच्याकडून कळतं.